अझलाइसचा पहिला घोट

ही गोष्ट चालू असताना कुणी मधेच पाणी मागू नये. मला ती जिनं सांगितली, तिनंही आधी हेच बजावलं होतं आणि मी हसले होते. गोष्ट संपली तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली होती, तरी समोरच्या भांड्याला हात लावायचा धीर मला झाला नाही.

फार वर्षांपूर्वी फ्रान्स देशाच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत, व्हाल्कोंब नावाचं गाव होतं. आजही आहे. चाळीस-बेचाळीस घरं, त्यांच्यावर कौलांऐवजी चपट्या दगडांची छपरं, मधोमध एक ठेंगणं चर्च आणि चर्चच्या मागे सगळ्या गावात मिळून एकच पावाची भट्टी. गावाच्या डोक्यावर उभा कडा आणि कड्यावर पठार. हे पठार चुनखडीच्या दगडाचं. वर माती असलीच तर वीतभर. पाऊस म्हणाल तर धो धो पडतो, पण घटकाभरात दगड कोरडे, चाळणीतून गळावं तसं सगळं पाणी आत जातं. म्हणून वर ना ओढा, ना विहीर, ना शेत. वर फक्त आखूड गवत, वारा आणि मेंढ्या.

मेंढ्यांवरच गाव जगायचं. दूध त्यांचं, चीज त्यांचं, अंगावरची लोकर त्यांची. पण मेंढी मेली की तिला पुरायचं कुठं? वीतभर मातीत मेंढी मावत नाही आणि दगड खणून खणून माणूस किती खणणार? त्यावर गावानं एक सोय शोधून काढली होती. पठाराच्या मधोमध एक विवर होतं, चांगलं खळ्याएवढं रुंद. लोक त्याला आंधळं विवर म्हणायचे. त्यात दगड टाकला तर पडल्याचा आवाज येत नसे. त्याला तळच नाही, ते थेट पृथ्वीच्या पोटात जातं, असं म्हणत. मेंढी मेली की दोघांनी चार पाय धरायचे, काठावर झोका द्यायचा आणि सोडून द्यायचं. झालं काम.

तिच्या गळ्यात घंटा असली, तर तीही तिच्याबरोबरच जायची. मेलेल्या जनावराची घंटा जित्या जनावराला बांधली तर सगळा कळप जातो, अशी तिथली समजूत. प्रत्येक घराची घंटा वेगळी असे. लोहार तिच्यावर त्या घराची खूण ठोकून द्यायचा. कुणाची चांदणी, कुणाचा मासा, कुणाची नुसती तीन टिंबं. गावाला ही विवराची सोय फार पसंत होती. शंभर वर्षं, कुणी म्हणतं तीनशे वर्षं, त्या विवरानं कुणालाही नाही म्हटलं नव्हतं.

आता खाली गावात या. कड्याच्या पायथ्याशी, जिथं कातळ फाटला आहे, तिथून एक झरा यायचा. बाराही महिने, मांडीएवढ्या जाड धारेनं, आणि दात शिवशिवतील असा गार. कुण्या एका संतिणीनं काठी टेकली आणि तो फुटला, असं म्हणतात. संतिणीचं नाव काय, ते मात्र गावातही कुणाला सांगता यायचं नाही. झऱ्यावर दगडी घुमटी बांधलेली, घुमटीला लोखंडी दार, दाराला कुलूप. बाहेरच्या टाक्यात धुणं व्हायचं आणि जनावरं पाणी प्यायची. माणसांनी प्यायचं पाणी मात्र घुमटीतूनच घ्यायचं आणि तेही झऱ्याची राखणदारीण देईल तेव्हा.

ही राखणदारी एकाच घरात आईकडून लेकीकडे येई. आपल्या गोष्टीच्या वेळी ती अझलाइस नावाच्या बाईकडे होती. वय पन्नाशीचं, हाडापेरानं मजबूत, बोलणं थोडकं. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. सकाळी ती दार उघडायची आणि तांब्याच्या ओगराळ्यानं घागरी भरून द्यायची. कुणी आजारी पडलं, की ती स्वतः त्या घरी जायची. नऊ ओगराळी पाणी, प्रत्येक ओगराळ्याला एक प्रार्थना, दिवसातून एकदा. जो बरा झाला तो झऱ्याच्या कृपेनं झाला. जो गेला त्याला वरचं बोलावणं आलं होतं. असा तो सरळ हिशेब होता, आणि त्यात झरा कधीच हरत नसे.

त्या गावाला एक ताप होता. उन्हाळा सरून पहिला मोठा पाऊस झाला, की आठ-दहा दिवसांनी तो यायचा. पोट जायचं, अंग भाजून निघायचं, जीभ काळी पडायची. अझलाइसचा नवरा त्या तापात गेला. मग थोरला मुलगा गेला, मग धाकटा. तिघांनाही तिनं रोज नऊ ओगराळी पाजली होती, एक थेंब सांडू न देता. आता घरात एकच लेक उरली होती, फिनेत, सतरा वर्षांची. अझलाइस त्या पोरीकडे बघत जगत होती.

मग एका वर्षी मेंढ्यांवर रोग आला. पठारावर दिवसाला वीस-वीस, तीस-तीस मेंढ्या आडव्या व्हायला लागल्या. माणसं दिवसभर विवराच्या काठावर उभी राहून झोके देत होती. ज्याचा कळप सगळ्यांत मोठा, त्या बार्तेलमीच्या म्होरक्या मेंढ्याला उचलायला चौघं लागले होते. आणि त्यानंतर चारच दिवसांनी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला.

ताप आला तो अकरा घरांत एकदम आला. बारावं घर अझलाइसचं होतं.

फिनेत अंथरुणाला खिळली त्या दिवसापासून अझलाइस सकाळी सगळ्यांत आधी तिच्या पाण्याचं बघायची. दुसऱ्या दिवशी ओगराळ्यात लोकरीचा एक पुंजका आला. आपल्याच शालीचा असेल, म्हणून तिनं तो बोटानं काढून टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. चौथ्या दिवशी झऱ्याची धार बारीक झाली होती, आत काहीतरी अडकल्यासारखी. तिनं बाही वर सारली आणि कातळाच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. हाताला चामड्याचा पट्टा लागला. तिनं ओढला. पट्ट्यामागून घंटा आली. घंटेवर मासा होता.

मासा ही बार्तेलमीच्या घराची खूण. आणि त्या पट्ट्याला लाल टाका होता, तो तिनं पंधरवड्यापूर्वीच त्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात पाहिला होता.

घुमटीला कुलूप. किल्ली तिच्या कमरेला. कातळातून येणाऱ्या पाण्यात बाहेरून कुणी काही टाकायला जागाच नव्हती. अझलाइस तिथंच पायरीवर बसली. वर गेलेलं पाणी कुठं जातं आणि खाली आलेलं कुठून येतं, हे तिला त्या पायरीवर कळलं. ताप नेहमी पावसानंतरच का येतो, तेही कळलं. इतक्या वर्षांत इतक्या शहाण्या माणसांपैकी एकालाही ते कळू नये, याचा मला आजही धक्का बसतो. सगळं डोळ्यांसमोर होतं. कडा तेवढा मधे होता.

ती बसल्या जागी नावं घ्यायला लागली, असं म्हणतात. नवऱ्याचं, थोरल्याचं, धाकट्याचं. मग शेजारपाजारची. वीस वर्षांत ज्याच्या-ज्याच्या तोंडाला तिनं ओगराळं लावलं त्या सगळ्यांची नावं. आणि मग तिला आठवलं, की सकाळीच भरून ठेवलेली घागर फिनेतच्या उशाशी आहे. ती धावत सुटली. घरी पोचेपर्यंत फिनेतनं अर्धी घागर संपवली होती.

त्याच दुपारी अझलाइसनं चर्चपुढे गाव गोळा केलं, घंटा सगळ्यांपुढे धरली आणि सांगितलं, की आपण आपली मढी पितो आहोत. विवर बुजवा, झरा बंद करा, नदीचं पाणी आणा.

तुम्हाला वाटेल लोक हादरले असतील. छे. लोक चिडले. नदी दोन कोसांवर, वाट उतरणीची, येताना चढ. मेंढ्या टाकायच्या कुठं? आणि संतिणीच्या झऱ्याला घाण म्हणणारी ही कोण? कुणी म्हणालं, घंटा विवराच्या काठावर पडली असेल, हिनं उचलली. कुणी म्हणालं, लेक आजारी आहे, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. किल्ली तिच्याकडून काढून घ्यावी आणि दुसऱ्या कुणाकडे द्यावी, असंही ठरत आलं. बार्तेलमी माणूस वाईट नव्हता, शांतपणे म्हणाला, "मावशी, त्या विवराला तळ नाही. माझ्या आज्याचा आजाही हेच सांगायचा."

"मग मला त्यात सोडा," अझलाइस म्हणाली. "तळ नसेल तर तुमची कटकट मिटली. असेल, तर मी झऱ्यातून बाहेर येते."

कुणी हसलं नाही, असं म्हणतात. बाईचा आवाजच तसा होता.

निघण्याआधी ती बार्तेलमीच्या बायकोकडे गेली. तिचं नाव उर्सूल. बाप्तिस्म्याच्या दिवशी फिनेतला हातात घेऊन उभी राहिलेली तिची मानलेली आई ती हीच. तिला मूलबाळ नव्हतं, फिनेतवर तिचा पोटच्या पोरीसारखा जीव. अझलाइसनं घुमटीची किल्ली तिच्या हातात दिली आणि सांगितलं, की मी येईपर्यंत दार उघडायचं नाही. पोरीला छपरावरून धरलेलं पावसाचं पाणी द्यायचं, तेही चुलीवर उकळून. झऱ्याचं द्यायचं नाही, ती कितीही मागू दे. उर्सूलनं क्रूसाची शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आख्खं गाव विवराच्या काठावर उभं होतं. साठ वाव दोर होता. अझलाइसच्या कमरेला तो बांधला, आणि सहा माणसांनी तिला आत सोडलं. दहा वाव, वीस, चाळीस. वरच्यांच्या तळहातांची सालं निघाली. बावन्न वाव गेले आणि दोर सैल पडला.

विवराला तळ होता. मग खालून आवाज आला. खूप खोलवरून, एक घंटा वाजली. मग दुसरी. मग पुष्कळ, जणू एखादा कळप हळूहळू चालला आहे. अझलाइस त्या ढिगाऱ्यावरून चालत होती. काठावरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. आवाज दूर दूर गेला आणि थांबला. माणसांनी दोर वर ओढला, तो रिकामाच आला. गाठ तुटलेली नव्हती, सोडलेली होती.

पुढे तीन दिवस काहीच घडलं नाही. पहिल्या दिवशी लोक काठावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी अर्धे खाली गेले. तिसऱ्या दिवशी पाद्र्यानं तिच्यासाठी मृतांची प्रार्थना म्हटली.

चौथ्या सकाळी टाक्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना कातळाच्या आतून घंटा ऐकू आल्या. त्या ओरडत गावात गेल्या. गाव धावत आलं. घुमटीला कुलूप होतं, म्हणून उर्सूलला बोलावलं. ती आली, पण सगळ्यांच्या मागून, पाय ओढत. तिनं किल्ली फिरवली, दार उघडलं आणि बाजूला झाली.

ज्या फटीतून मांजर जाणार नाही त्या फटीतून अझलाइस बाहेर आली, असं म्हणतात. कुणी सांगतं, कातळ तिच्यापुरता सरकला. कुणी सांगतं, तीन दिवस पाण्यात राहून तीच पाण्यासारखी झाली होती. केस पांढरेफटक, नखं गेलेली, आणि पट्ट्यांत पट्टे ओवून गळ्यात, खांद्यांवर, कमरेला बांधलेल्या घंटा. सत्तर घंटा. तिनं त्या एकेक करून दगडावर मांडल्या. चांदणी, मासा, तीन टिंबं. काही इतक्या जुन्या, की ती घराणी केव्हाच संपली होती.

प्रत्येकानं आपली खूण ओळखली. कुणाच्या आज्याची, कुणाच्या पणज्याची. एक म्हातारा पुढे झाला, एक घंटा उचलली आणि सांगू लागला, की ही मेंढी मी सात वर्षांचा असताना मेली, मी तिच्यासाठी रडलो होतो. बोलता बोलता त्याला आपण काय बोलतो आहोत ते कळलं आणि तो थांबला. बार्तेलमी भिंतीला धरून भडाभडा ओकला. त्याच्यामागे अर्धं गाव ओकलं. ओकून ते थोडंच बाहेर येणार होतं? ते त्यांच्या हाडामांसात होतं, त्यांच्या पोराबाळांत होतं.

अझलाइस म्हणाली, "घंटा तुमच्या. पाणी मी पाजलं."

एवढं बोलून तिनं गर्दीत उर्सूलला शोधलं. उर्सूल दाराशीच खाली मान घालून उभी होती. अझलाइस तिच्याकडे बघत राहिली आणि तिला समजलं. तरी तिनं विचारलं, की पोरीनं पाणी मागितलं का?

"मागितलं, मावशी," उर्सूल म्हणाली. "दोन दिवस मन घट्ट केलं. तिसऱ्या दिवशी पाद्र्यानं तुझी प्रार्थना म्हटली. सगळे म्हणाले, तू गेलीस. पोर तर झऱ्याचंच पाणी मागत होती, तुझ्या हातचं. मग मी दार उघडलं. नऊ ओगराळी दिली. तू द्यायचीस तशीच, प्रार्थना म्हणून. थेंब सांडू दिला नाही."

फिनेत त्याच पहाटे गेली होती.

ती नऊ ओगराळी दिली नसती तर पोर वाचली असती का, कोण सांगणार? आधीच तिच्या पोटात किती गेलं होतं. पण उर्सूलला वाटलं, आता मावशी आपला जीव घेईल, आणि घ्यावाच. अझलाइसनं हात वर केला तो तिच्या तोंडावर ओढलेली शाल सारायला. "मी तिघांना असंच पाजलं," ती म्हणाली. "तुला मी काय बोलू?" मग ती उर्सूलच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि तिच्या रडण्यानं टाक्यातलं पाणी हाललं, असं म्हणतात.

त्यानंतर मात्र कुणाला काही सांगावं लागलं नाही. फिनेतला माती दिली त्याच दिवशी बार्तेलमीनं विवराच्या काठावर पहिला दगड ठेवला. महिन्याभरात छातीएवढी भिंत उभी राहिली. मेलेली मेंढी तेव्हापासून खाली खोऱ्यात, चिकणमातीत पुरतात, कितीही लांब न्यावी लागली तरी. झऱ्याला कुलूप लागलं. गाव नदीवरून पाणी आणू लागलं, दोन कोस उतरून आणि दोन कोस चढून, आणि एकानंही कुरकुर केली नाही.

तीन वर्षं झाली. चौथ्या वर्षी झऱ्याचं पाणी काचेसारखं दिसत होतं. पण दिसत तर ते आधीही तसंच होतं. आता ते चांगलं आहे हे म्हणणार कोण, आणि कोण ऐकणार? तेव्हा अझलाइस उठली. उन्हाळा सरून पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती गावासमोर घुमटीत गेली आणि तिनं ओगराळं भरलं. आजवर मी दुसऱ्यांच्या तोंडाला लावलं, आता माझ्या तोंडाला, एवढंच ती म्हणाली.

गर्दीतून उर्सूल पुढे आली आणि तिनं अझलाइसच्या हातातून ओगराळं घेतलं. "मी आधी, मावशी," ती म्हणाली, आणि तिनं ते एका दमात रिकामं केलं. मग पुन्हा भरून अझलाइसला दिलं. तीही प्यायली.

दोघी घुमटीच्या पायरीवर जाऊन बसल्या. पंधरा दिवस त्या तिथंच होत्या, शेजारी शेजारी, आणि सगळं गाव येता-जाता त्यांच्या तोंडाकडे बघत होतं, त्यांचं कपाळ चाचपत होतं. सोळाव्या दिवशी सकाळी दोघी उठल्या आणि घागरी भरायला बसल्या. पुढे दरवर्षी पहिल्या पावसानंतर त्या दोघी असंच करत राहिल्या, एक मरेपर्यंत आणि मग दुसरी मरेपर्यंत.

आता व्हाल्कोंबमध्ये नळ आहेत. झऱ्याचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासतात आणि त्याचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतात. तरीही पहिला मोठा पाऊस झाला, की दुसऱ्या सकाळी गाव घुमटीपाशी जमतं. ज्या घरांच्या घंटा निघाल्या त्यांतल्याच दोन घरांतली दोन माणसं पुढे होतात, ओगराळं भरतात आणि गावाआधी पितात. त्याला तिथं अझलाइसचा घोट म्हणतात. मग ती दोघं पायरीवर बसतात, आणि बाकीचे कामधाम टाकून त्यांच्याजवळ बसून राहतात.

घराघरातही तेच. त्या गावात कुणाला पाणी दिलं, तर देणारा आधी स्वतः एक घोट घेतो, "मी आधी" म्हणतो, आणि मगच भांडं पुढे करतो. परक्या माणसाला हे उद्धटपणाचं वाटतं. मला वाटलं होतं. माझ्या यजमानीणबाईनं माझ्यादेखत माझ्याच भांड्यातलं पाणी प्यायलं तेव्हा मी तोंड वाकडं केलं, आणि म्हणूनच तिनं मला बसवून हे सगळं सांगितलं.

आजाऱ्याच्या उशाशी मात्र ते दोन शब्द मोठ्यानं म्हणावे लागतात, त्याला ऐकू जातील असे. ते ऐकल्याशिवाय व्हाल्कोंबचं तापानं फणफणलेलं पोरही पाण्याला तोंड लावत नाही, असं म्हणतात.